काळ्या पाषाणात कर्ब मुरेल का?

वारंगा फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग भेटतात. एक अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेड-देगलूरमार्गे तेलंगणात उतरतो. दुसरा नागपूरकडून वर्धा, यवतमाळ, उमरखेड, हदगाव असा येऊन पुढे लातूर-तुळजापूरला जातो. नांदेडपासून चाळीसेक किलोमीटरवरचा, हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातला हा फाटा रात्रंदिवस जागा असतो. सिमेंट, लोखंड, ऊस, अर्धापूरची केळी, वसमतची हळद, सगळे इथून डिझेलवर जाते. या भागात रस्त्यासाठी टेकाड कापले किंवा विहीर खणली की जमिनीचे थर उघडे पडतात. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मग पोकळ्यापोकळ्यांचा मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला आणि आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर अंथरलेला आहे. जगभरातले शास्त्रज्ञ आज याच खडकाकडे आशेने पाहत आहेत. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड या खडकात सोडला तर त्याचा दगड होईल, असा त्यांचा हिशेब आहे.

कर्ब आणि स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाचा आढावा बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतून घेतला जातो. तो वारंग्याहून घेतला तर कोणते संशोधन जवळचे आणि कोणते लांबचे, याचा क्रमच बदलतो. सर्वांत गाजणारा उपाय इथे सर्वांत अवघड ठरतो. ज्याची फारशी बातमी होत नाही तो मात्र शेताच्या बांधापर्यंत येऊन थांबलेला दिसतो.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमित मोजायला सुरुवात झाली, तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा शब्द दिला. महाराष्ट्रात या शब्दाचा भार पहिल्यांदा कोळशावर पडतो. महानिर्मितीची चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, नाशिक, पारस आणि परळी ही औष्णिक केंद्रे कोळशावरच उभी आहेत. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण तीस युनिटे जळतात, म्हणजे एकवीस-बावीस किलो वायू. एका मोटरीचा एका पाळीतला हा हिशेब झाला, आणि राज्यात कृषिपंपांच्या जोडण्या ४५ लाखांच्या घरात आहेत.

आता पाषाणाकडे येऊ. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे सौम्य आम्ल बनते. ते खडकातले हे धातू सोडवते आणि पुढे त्यांची कार्बोनेटे तयार होतात, म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड. वायूचा दगड झाला की गळतीची भीती उरत नाही. आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पाने २०१२ साली हे प्रत्यक्ष करून पाहिले. पाण्यात विरघळवलेला वायू ४०० ते ८०० मीटर खोल बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिजरूप झाला. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष आला तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले, कारण या क्रियेला शेकडो वर्षे लागतील अशी समजूत होती. कार्बफिक्सच्या प्रयोगापाठोपाठ, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वॉलुला येथे जवळपास हजार टन वायू पाण्यात न मिसळता, दाबाखाली दाट करून आठशे मीटरहून खोल सोडला गेला. दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटाच्या गाठी सापडल्या.

भारतात या विषयावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, दोन दशकांपूर्वीच काम सुरू केले होते. अलीकडे त्याचे केंद्र पवईला आले आहे. आयआयटी मुंबईत २०२२ पासून कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठीचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आहे. तिथले भूशास्त्रज्ञ विक्रम विशाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या साठवण क्षमतेचा अंदाज मांडला. त्यात एकट्या बेसाल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन धरला आहे. भारताचे वर्षाचे उत्सर्जन तीन अब्ज टनांच्या आसपास आहे, म्हणजे खालचा आकडा धरला तरी तीस वर्षांची सोय. हा अंदाज निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालातही आला आणि त्यावरून बरेच मोठे बोलले गेले. मला मात्र या आकड्यातले अंतर जास्त बोलके वाटते. खालचा अंदाज आणि वरचा अंदाज यांत तिपटीहून अधिक फरक आहे. इतक्या अफाट खडकात खोल छिद्रे किती थोडी पाडली गेली आहेत, हे त्यातून कळते.

जी पाडली गेली ती काय सांगतात? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधन विवर घेतले गेले, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. कोयना परिसरात, कराडच्या भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तिथे तो सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला. म्हणजे खडक पश्चिमेला जाड आहे आणि पूर्वेकडे पातळ होत जातो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, तो संपतोच आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. वारंगा या पातळ होत जाणाऱ्या कडेजवळ आहे. कार्बन डायऑक्साइड दाट राहायचा तर ३१ अंश तापमान आणि हवेच्या ७३ पट दाब ओलांडावा लागतो, आणि हा दाब साधारण आठशे मीटरखाली मिळतो. वॉलुलाची रीत इथे चालायची तर तितका जाड बेसाल्ट हवा. मराठवाड्याच्या या टोकाला त्याची आशा धरणे कठीण आहे.

मग आइसलँडची रीत उरते. त्यात वायू पाण्यात विरघळवून सोडतात, म्हणून कमी खोली पुरते. पण एका टनामागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र निम्म्याहून थोडे जास्त क्षमतेने चालले तरी वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास वायू सोडेल. तो सगळा असा पुरायचा तर सुमारे ३७५ दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी हवे. वारंग्याच्या शिवारांना ज्याचे नाव तोंडपाठ आहे त्या पैनगंगेवरच्या ईसापूर धरणाचा उपयुक्त साठा ९६४ दलघमी आहे. म्हणजे एका वीज केंद्राचा धूर पुरायला ईसापूरचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त साठा, तोही दर वर्षी. आइसलँडमध्ये हे पाणी पुन्हा वापरता येते आणि समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे २०१५ च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. ज्या प्रदेशात वीज तयार करायलाच पाणी पुरले नाही, तिथे धूर पुरायला ते कुठून आणायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या प्रत्येक सादरीकरणात पहिल्या पानावर असायला हवा.

तिसरी अडचण या भागातल्या माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे, वापटी, कुरुंदा या गावांनी जमिनीखालचे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि पाठोपाठ ३.६ चा दुसरा. आखाडा बाळापूर आणि आसपासची गावे घराबाहेर आली. १० जुलै २०२४ ला सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला आणि केंद्र पुन्हा कळमनुरी तालुक्यातच, रामेश्वर तांड्याजवळ होते. हे धक्के बेसाल्टच्या बऱ्याच खाली, पायाच्या जुन्या खडकात उगम पावतात. पण वर सोडलेल्या पाण्याचा दाब भेगांमधून खालपर्यंत पोहोचू शकतो, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तेलविहिरींचे सांडपाणी खोल जिरवल्याने भूकंप वाढले आणि २०१६ मध्ये पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. खुद्द आइसलँडमध्ये, ज्या भूऔष्णिक केंद्राच्या आवारात कार्बफिक्स वाढले, तिथेही २०११ मध्ये गरम पाणी परत जमिनीत सोडताना ४ च्या आसपासचे धक्के बसले होते. नांदेड शहराखालच्या २००६ नंतरच्या उथळ, हलक्या धक्क्यांचा एनजीआरआयने अभ्यास केला आहे. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यानंतर बसणाऱ्या अशा धक्क्यांचा संबंध जमिनीत झिरपणाऱ्या पाण्याशी असावा, असे मत भूशास्त्रज्ञांनी मांडलेले आहे. कोयनेचा १९६७ चा भूकंप तर धरणाच्या पाण्याशी जोडला गेलेला जगातला सर्वांत परिचित भूकंप आहे. म्हणजे बेसाल्ट जिथे जाड तिथेही, आणि जिथे पातळ तिथेही, जमीन दाबाला उत्तर देते.

खडकाच्या रचनेचीही एक गोष्ट आहे. मांजऱ्या खडकातल्या पोकळ्या पाहून वाटते की इथे वायू सहज मावेल. पण त्यांतल्या बहुतेक पोकळ्या झिओलाइट आणि कॅल्साइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच भरल्या आहेत. जगभरातल्या संग्रहालयांत महाराष्ट्राचे झिओलाइट मांडलेले असतात ते याच पोकळ्यांतले. दोन लाव्हा-थरांमधली सांध वायूला वाट देईल, पण विहिरींना पाणी पुरवणारी सांधही तीच आहे.

हे संशोधन थांबवावे असे मी म्हणत नाही. उलट पवईच्या गटाने आणि कराडच्या प्रयोगशाळेने मिळून आणखी खोल छिद्रे घ्यावीत, थोडा वायू सोडून पाहावा, भूकंपमापक आधी बसवावेत आणि मग सोडावा. पण ३१६ अब्ज टनांचा आकडा दाखवून कोळशाची नवी केंद्रे निर्धास्तपणे उभारणे, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती चुकीची आहे.

पकडण्याच्या बाजूला विज्ञान बरेच पुढे आले आहे, मात्र खर्चाने अडले आहे. धुरातून वायू वेगळा काढायला अमाइन द्रावण वापरतात. ते पुन्हा मोकळे करायला वाफ लागते आणि त्यात वीज केंद्राच्या उत्पादनाचा पाचवा ते चौथा हिस्सा जातो. थंड करायला लागणारे पाणीही वाढते. तुतिकोरिनच्या अल्कली कारखान्यात २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला वायू पकडून सोडा तयार होतो. विंध्याचलला एनटीपीसीने दिवसाला वीस टन पकडण्याचा छोटा प्रकल्प उभारला. पुण्याच्या आयसरमधले रामनाथन वैद्यनाथन कॅल्फ-२० या सच्छिद्र पदार्थाच्या २०२१ च्या शोधनिबंधाचे सहलेखक आहेत. कॅनडात जन्मलेला हा पदार्थ दमट धुरातूनही कार्बन डायऑक्साइड वेचून घेतो आणि तिथल्या सिमेंट कारखान्यात तो वापरूनही पाहिला गेला. सिमेंटसाठी हे महत्त्वाचे आहे, कारण चुनखडी भाजताना निघणारा वायू इंधन बदलून टळत नाही. विजेसाठी मात्र महागडे पकडणे हा शेवटचा पर्याय असावा.

बेसाल्ट खाली न खोदता वर वापरता येईल का? त्याची बारीक भुकटी शेतात पसरायची आणि पावसाच्या पाण्यातला कार्बन तिने बांधून घ्यायचा, अशी कल्पना आहे. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात या उपायासाठी सर्वाधिक वाव असलेल्या देशांत भारताचे नाव होते. २०२५ मध्ये छत्तीसगडसह मध्य भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ला एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे मुख्य बक्षीस मिळाले. महामार्गाच्या कामांमुळे आमच्याकडे क्रशरची डस्ट ढिगांनी पडलेली असते, तेव्हा हे सहज जमेल असे कोणालाही वाटेल. पण छत्तीसगडच्या तांबड्या, आम्लधर्मी भातजमिनी आणि कयाधू-पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन यांत मोठा फरक आहे. आमची जमीन मुळात याच बेसाल्टची झिजून झालेली, अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत डी. के. पाल आणि तपस भट्टाचार्य यांनी काळ्या जमिनींवर केलेले काम इथे फार मोलाचे आहे. कोरड्या हवामानात जमिनीत चुनखडी साठत जाते तेव्हा मातीच्या कणांवरचे कॅल्शियम कमी होते, सोडियमचा वाटा वाढतो, निचरा बिघडतो आणि जमीन चोपण होऊ लागते, असे त्यांनी दाखवून दिले. हवेतला कर्ब दगडात बांधला गेला असे एका वहीत लिहिले जाईल आणि दुसऱ्या वहीत जमीन बिघडल्याची नोंद होईल. कार्बन क्रेडिटचे करार घेऊन कोणी दारात आले तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आधी माती परीक्षणाचा अहवाल समोर ठेवावा.

जमिनीखालून आता आभाळाकडे. इथे संशोधनाने खरोखर घरात उजेड पाडला आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीने मिळायची, सापाकिरड्यांत पाणी धरायला जावे लागायचे, हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही. पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने एक साधा विचार मांडला. प्रत्येक मोटरीला वेगळे पॅनेल देण्याऐवजी गावाच्या उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारून अख्खा शेतीचा फिडर दिवसा चालवावा. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट १६,००० मेगावॅट ठरले आणि त्यातला पहिला, तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. या योजनेतली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे महावितरणच्या सरासरी पुरवठा खर्चाच्या निम्म्याहून कमी. कर्ब कमी करण्याचे इतके स्वस्त आणि शेतकऱ्याला रात्रीची झोप परत देणारे दुसरे साधन मला दिसत नाही.

तरीही दोन गोष्टींवर अभ्यासकांचे ऐकायला हवे. पहिली पॅनेलच्या आयुष्याची. आयआयटी मुंबईच्या फोटोव्होल्टाइक केंद्राने २०१३ पासून देशभर फिरून पॅनेल तपासली. उष्ण प्रदेशांत, आणि विशेषतः छोट्या मांडण्यांत, त्यांची क्षमता हमीपत्रात धरली होती त्यापेक्षा वेगाने घटताना आढळली. मे महिन्यात ४३-४४ अंश सोसणाऱ्या जिल्ह्यांसाठी ही नोंद किरकोळ नाही. बसवणीची घाई, सैल जोडण्या आणि वाहतुकीत पडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा ही त्यामागची मोठी कारणे आहेत आणि ती टाळता येतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. सौर पंप बसला की पाणी उपसायला जादा पैसा लागत नाही, मग बोअर आटेपर्यंत मोटर चालू राहते. पावसाळ्यात आणि सुगीनंतर तेच पॅनेल उगाच तापत उभे असते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात तुषार शहा आणि आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने शेतकऱ्यांची सौर सहकारी संस्था उभी केली. उरलेली वीज शेतकरी ग्रिडला विकू लागले. पाण्याइतकीच विजेलाही किंमत आली, तेव्हा उपसा आवरण्याला कारण मिळाले. सहकार इथल्या रक्तात आहे. उसाच्या काट्यावर वजन विकणारा शेतकरी मीटरवर युनिटेही विकू शकतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सौर पॅनेलखाली पिके घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. पॅनेल उंच बसवले तर खाली सावली मानवणारी पिके येतात, आणि हळद हे सावली सोसणारे पीक आहे. हा जोड हिंगोलीत करून पाहण्याजोगा आहे.

सूर्य मावळल्यावरच्या विजेसाठी साठवण हवी. घाटघरला २००८ पासून, पाणी वर चढवून ठेवून गरजेला त्यातून वीज करणारे, अडीचशे मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. त्याच्या तोडीची आणखी केंद्रे सह्याद्रीत उभी राहतील, बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. त्या बाजूचे काम अभियंत्यांच्या हाती सुरक्षित आहे.

फाट्यावरच्या डिझेलचे काय? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीबरोबर हायड्रोजनवर चालणारी मोटार २०२० मध्ये आणि बस २०२२ मध्ये रस्त्यावर आणली. काम अस्सल आहे. पण हायड्रोजन हिरवा असायला तो सौर किंवा पवन विजेवरच बनवावा लागतो आणि त्यालाही पाणी लागते. अकोला-नांदेड मार्गावरच्या मालमोटारी त्यावर धावायला बराच अवधी आहे.

इथेनॉल मात्र आजच टाकीत पोहोचले आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या ऊर्जा जैवविज्ञान केंद्रात अरविंद लाली यांच्या गटाने पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याची पद्धत विकसित केली. पुण्याच्या प्राज कंपनीने पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा कारखाना उभारून दिला. मे २०२३ मध्ये प्राजच्या इंधनाचे मिश्रण घेऊन पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमानही गेले. वसमत, अर्धापूर, डोंगरकडा हा साखर कारखान्यांचा टापू आहे. पण उसाच्या रसाचे इथेनॉल स्वच्छ म्हणताना त्या उसाने प्यालेले पाणी मोजावेच लागते. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलला अचानक आवर घातला, तेव्हा कारखान्यांनीही या आधाराचा कच्चेपणा पाहिला. एक गोष्ट मात्र कारखान्यांच्या हातात आहे. रस किंवा मळी आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो, लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो. तो धुरातून गाळावा लागत नाही. पकडण्याच्या तंत्राचा पहिला सराव वीज केंद्रापेक्षा डिस्टिलरीत कितीतरी स्वस्तात होईल.

आणि आता जे बांधावर पडून आहे, किंवा पेटवले जाते, त्याच्याबद्दल. तोडणी झाल्यावर उसाचे पाचट जाळले जाते. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचे भुसकट, केळीची खोडे यांचे हेक्टरी वजन टनांत असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या गटाने नव्वदच्या दशकात उसाच्या पाचटापासून जळणारा वायू तयार करणारा गॅसिफायर बनवला आणि उद्योगात भट्टीच्या तेलाऐवजी तो चालवून दाखवला. त्यातून उष्णता मिळायची आणि कोळसाही उरायचा. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचट शेतातच कोळसून त्याच्या कांड्या करण्याचे तंत्र दिले, त्याला २००२ मध्ये लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीच्या पेलेट आणि कांड्या करून दाखवल्या. ही सगळी आपल्या माणसांची, आपल्या पिकांवर केलेली कामे आहेत. तीन दशके उलटली तरी ती प्रात्यक्षिकांतच अडकून आहेत याचे मला मनापासून वाईट वाटते. खडकाखालच्या अब्जावधी टनांवर परिषदा होतात, पण पाचट गोळा करणाऱ्या यंत्राच्या भाड्याचा हिशेब कोणत्याही परिषदेच्या पत्रिकेवर नसतो. खरी अडचण तिथेच आहे. पाचट हलके, विखुरलेले असते आणि ऊसतोड संपताच रान मोकळे करायची घाई असते.

कोळसलेल्या काडीकचऱ्यात मूळ कर्बाचा जवळपास निम्मा भाग टिकतो आणि तो मातीत शेकडो वर्षे कुजत नाही. आज बायोचार या नावाने जगभर त्याचा गाजावाजा आहे. इथेही आपल्या मातीचे ऐकायला हवे. आम्ल जमिनींत कोळशाने उत्पन्न वाढल्याचे जे निकाल येतात ते अल्कधर्मी काळ्या जमिनीत तसेच येतील असे धरून चालू नये. सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनीला शेणखत आणि कुजलेले पाचट आधी हवे, कोळसा त्यानंतर. परभणी आणि अकोल्याच्या विद्यापीठांतल्या दीर्घकालीन खत प्रयोगांनी हेच वारंवार सांगितले आहे. नुसत्या रासायनिक खतावर जमिनीचा कर्ब टिकत नाही, शेणखताची जोड दिली की तो सावरतो.

या सगळ्या धाग्यांची गाठ हिंगोलीत एका पिकावर पडते, हळदीवर. राज्यात हळदीचा सर्वांत मोठा जिल्हा हाच. काढणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये गावोगाव हळद शिजते. पूर्वी ती कढईत, पाण्यात बुडवून आणि वर पाला झाकून शिजवत. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. एक बॉयलर आणि त्याला जोडलेले दोन-चार ड्रम, ट्रॅक्टरमागून एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरणारे. वाफेने वेळ आणि पाणी दोन्ही वाचले. तरी बॉयलरखाली जळते ते लाकूड. लाकडाचा धूर नवे झाड उगवेल या हिशेबाने शून्य धरतात. पण बांधावरची बाभूळ आणि लिंब तोडून परत लावली जात नाहीत, तेव्हा तो शून्य खोटा असतो. पुढे पंधरवडाभर हळद उन्हात वाळते आणि अवकाळी पाऊस आला की मोसमाची कमाई काळवंडते.

इथे तयार तंत्रे एकमेकांना जोडायची आहेत. फलटणच्या धर्तीचा गॅसिफायर तुराट्या, पऱ्हाट्या आणि हळदीच्याच वाळक्या पाल्यावर चालवून बॉयलरला उष्णता देता येईल, आणि मागे उरलेला कोळसा त्याच शेतात जाईल. वाळवणीसाठी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून निघालेल्या एस४एस टेक्नॉलॉजीजचे सौर ड्रायर मराठवाड्यातल्या बायकांनी चालवलेले आहेत. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार त्याच कामाला मिळाला. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आहे, परभणीचे विद्यापीठही फार लांब नाही. एका हंगामात कळमनुरी आणि वसमत तालुक्यांतली निवडक शेते घ्यावीत. कढई, लाकडावरचा कुकर आणि गॅसिफायरवरचा कुकर यांत एक क्विंटल ओली हळद शिजायला किती सरपण, किती पाणी आणि किती मजुरी लागली ते तोलून लिहावे. त्या प्रत्येक लॉटचा कुरकुमीन तपासावा आणि वसमतच्या बाजारात त्याला काय भाव आला तेही त्याच तक्त्यात मांडावे. कर्बाचा रकाना त्या तक्त्यात शेवटी असला तरी चालेल. गॅसिफायर घ्यायचा की नाही, हे शेतकरी सरपण आणि भाव या दोन रकान्यांवरून ठरवेल.